पुडीवरचा पंजा

रायपूरच्या बुढापारा मोहल्ल्यातल्या नाना डबीरांच्या दुकानात औषध मिळणं सोपं आहे, ते हातात पडणं अवघड. नाना पुडी काउंटरवर ठेवतात, तिच्यावर आपला रुंद पंजा दाबतात आणि विचारतात, "सांग, कधी घेशील?" नीट म्हणून दाखवल्याशिवाय पंजा उठत नाही. रिक्षावाला असो की वकील, सूट नाही. रिक्षावाला "हव नाना, खाय के बाद, दिन मा दू बेर" असं छत्तीसगढीत घडाघडा म्हणून सुटतो. वकीलसाहेब अडतात. कोर्टात अख्खा दिवस बोलणारा माणूस इथे "जेवणाआधी... की नंतर?" म्हणत छताकडे बघतो, आणि मागची रांग त्याला हळूच उत्तर पुरवते.

मी तर कायमचा नापास. नवीन राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, आणि मी साधा बाबू होतो तो एकदम राजधानीतला बाबू झालो. टेबल तेच, डुगडुगणारी खुर्चीही तीच, पण घाई मात्र राजधानीची आली. एकदा नाना गिऱ्हाइकात गुंतलेले पाहून मी पाठ न म्हणताच पुडी उचलली आणि सटकलो. गोळी पाण्यात विरघळवून घ्यायची होती. मी ती ऑफिसात थेट जिभेवर ठेवली. लगेच तोंडातून फेस. साहेबांनी "फीट आली" असं जाहीर केलं, चौघांनी मला फरशीवर आडवं केलं आणि एकाने पायातला बूट काढून माझ्या नाकाशी धरला. मी बरा आहे हे सांगायचं होतं, पण फेसातून शब्द फुटेना. बुटाचा गुण असा, की मग खरोखरच चक्कर आली.

ऐकून नाना हसले नाहीत. "बूट कोणाचा होता?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि मला ओठ खारट लागेपर्यंत मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या.

"पण नाना, लोकांले एवढं छळता काहून?" मी त्या दिवशी विचारलं.

त्यांनी कपाटाच्या वरच्या फळीवरून एक जुनी रिकामी बाटली काढली. तिच्या अंगावर कागदाची उभी पट्टी चिकटवलेली, पट्टीला कात्रीने पाडलेल्या खाचा.

"हे पाह्य. आम्ही औषध बनवत होतो रे. खलबत्त्यात कुटा, मोजा, मिसळा, बाटलीत भरा. अन् मग ही पट्टी. एक खाच म्हणजे एक डोस. भनपुरीचा हमाल असो, की अक्षरओळख नसलेली म्हातारी, खाच पाह्यली की समजे. तेव्हा बाटलीच बोलत होती. आता सारं कंपनीतून बंद होऊन येते. पाकीट मुकं आहे, म्हणून मले माणसाले बोलतं करावं लागते."

मी मान डोलावली. आणि सहा महिन्यांत त्यांच्याशी दगा केला.

मोठ्या रस्त्यावर काचेचं, थंडगार हवेचं औषधाचं दुकान उघडलं. तिथे कोणी पाठ विचारत नव्हतं. आईची ब्लडप्रेशरची गोळी मी तिथून आणू लागलो, आणि नानांच्या गल्लीतून जाणं टाळू लागलो. नव्या दुकानाने तीच गोळी दुसऱ्या कंपनीची, दुसऱ्या रंगाची दिली. आईला वाटलं, डॉक्टरांनी एक गोळी वाढवली. घरातली जुनी शिल्लक होतीच. ती रोज दोन्ही घेऊ लागली.

चौथ्या दिवशी देवापुढून उठताना ती भिंत धरून खाली बसली. मी तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दाब तपासला, एक गोळी थांबवली आणि बजावलं, पुन्हा असं झालं तर जिवावर बेतेल. मी दिवसभर ऑफिसात, घरात आई एकटी. गोळ्या तिला स्वतःच ओळखता यायला हव्या होत्या, आणि पाकिटावरची इंग्रजी अक्षरं तिला वाचता येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दोन्ही पाकिटं, तिच्या रात्रीच्या कोलेस्टेरॉलच्या गोळीचं पाकीट आणि आई घेऊन मी मान खाली घालून नानांपुढे उभा राहिलो. त्यांनी भिंग लावून बारीक अक्षरं वाचली.

"नावं दोन, औषध एक," ते म्हणाले. मला वाटलं, आता बुटाचं निघणार. निघालं नाही. ते म्हणाले, "थंडी हवा खाऊन आला वाटते पोट्टा," आणि बंद केलेल्या गोळीचं पाकीट बाजूला सारून कात्री मागितली.

सकाळच्या ब्लडप्रेशरच्या गोळीच्या पाकिटाला एका खाचेची कागदी पट्टी, रात्रीच्या कोलेस्टेरॉलच्या गोळीला दोन खाचांची. आईने खाचांवरून बोट फिरवलं. नानांनी पंजा ठेवला. "सांगा वहिनी, कधी घ्याल?"

"एक खाच सकाळी, चहानंतर. दोन खाचा रात्री, जेवणानंतर. रंग बदलला तर पहिले तुमच्याकडे."

पंजा उठला. मला आजवर न मिळालेले मार्क आईने एका दमात मिळवले.

ती पाकिटं पिशवीत टाकणार, तेवढ्यात तिची नजर नानांच्या चष्म्याच्या घराशेजारी गेली. तिथे त्यांची स्वतःची स्टीलची डबी उघडी होती. तीन खण. पहिल्या खणात गोळी तशीच.

"ही सकाळची न, नानाभाऊ?"

"हो." नाना डबी सरकवू लागले. "राहिली वाटते. याची काकू होती तोवर तीच म्हणवून घेत होती."

काकूंना, नानांच्या बायकोला, जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगी दूर, पुण्याला.

आईने डबीवर आपला हात ठेवला. सुरकुतलेला, लहानसा हात. पण नानांनी डबी ओढली तेव्हा तो हलला नाही.

"सांगा," ती म्हणाली, "कधी घ्याल?"

अख्ख्या बुढापाऱ्याला पाठ म्हणायला लावणारा माणूस काउंटरमागे सरळ उभा राहिला. म्हणू लागला, आणि दुपारच्या गोळीपाशी अडला.

"पुन्हा म्हणा," आई म्हणाली.

तेव्हापासून रोज सकाळी आई भाजी आणायला म्हणून बाहेर पडते. भाजीवाली तर आमच्या दारावर येते.