उडत्या म्हशींचे कर्ते यादोपंत यांस पालखी न मिळाल्याची हकीकत

गजाननास नमन, शारदेस नमन, आणि तोंडावर बोलणाऱ्या जिभेस तिसरें नमन. शके सत्राशें, विलंबीनाम संवत्सर, ते समयीं एका दौलतींत यादोपंत म्हणोन बाळगोपाळांचे अद्भुतकथाकर्ते होते, त्यांचें वर्तमान ऐसें जे, पंतांस आत्या भिवराबाई यांनी वाढविलें, आणि बाईंस अक्षर नांवापुरतें, परंतु माणसाची पारख सोनाराची. मग पंत थोर जाहले आणि उडत्या म्हशींचे राज्याची पोथी रचिते जाहले, आणि ती पोरांस बहुत आवडली, मग दुसरी, मग नववी, आणि म्हशींच्या वंशावळी जाहल्या, म्हशींचे तह जाहले, आणि मग पंतांस पोरांचा गलबला सोसेना. दारीं माणूस बसविला कीं पोर दिसतांच हाकलावें. बाई बोलिल्या, "मेल्या, गोठा बांधिलास आणि वासरांस बंदी?" पंत म्हणाले, "आत्याबाई, वाङ्मय तुम्हांस कळत नाही." बाई म्हणाल्या, "नाही बाबा. आम्हांस पोरेंच कळतात."

मग राजमातुश्रींचे चित्तीं आलें कीं पंतांस 'बालकथाधुरंधर' पदवी आणि पालखी द्यावी. पंतांनी जन्मभर त्या पालखीचाच जप केला होता, अंगरखाही आधींच शिवून ठेविला होता. परंतु दौलतीचा रिवाज ऐसा जे, कथेकऱ्यानें भरदरबारीं पोरांस गोष्ट सांगावी, पोरांनी "हं" म्हणोन हुंकार द्यावा, आणि हुंकार तुटला तर पदवी गेली.

दिवस नेमिला, पोरें बसलीं, पंत वाचूं लागले, आणि पोरें "हं, हं" करूं लागलीं. इतक्यांत सोनारांची ठकी उठोन बोलिली, "आजोबा, म्हैस उडतां उडतां शेण टाकी, तेव्हां खालीं कोण उभें होतें हो?" दरबार खदखदला, राजमातुश्रींनी पदर तोंडास लाविला, आणि पोरें ओरडलीं, "सांगा, सांगा, मग?" बायकांत बसलेल्या आत्याबाई मनांत म्हणाल्या, पालखी दारांत आली, सांग रे, कोतवालाचे पागोट्यावर पडलें म्हणोन सांग!

पंत तों लाल जाहले. म्हणाले, "चूप! आमच्या म्हशी शेण टाकीत नाहीत. आतां कोणी तोंडांतून चकार शब्द काढील तर कान उपटून हातीं देईन!" पोरें चिडीचूप. पंत संतोष पावले आणि म्हशींची वंशावळ वाचते जाहले, आणि खापरपणजीपर्यंत आले, आणि हुंकार नाही. चोपदारानें काठी आपटली, "हुंकार तुटला!" पंत विनवूं लागले, "अरे लेकरांनो, हं म्हणा रे! ठके, तूं तरी म्हण, बाई!" ठकीनें दोहीं हातीं कान झांकिले आणि मान हालविली.

पालखी रिकामी माघारी गेली, आणि पंत पायीं निघाले. वाटेनें रडकुंडीस येऊन बोलिले, "आत्याबाई, माझें चुकलें काय?"

बाई म्हणाल्या, "चुकलें कोठें रे? पोरांनी आज प्रथमच तुझें ऐकिलें."

सारांश, म्हशी उडाल्या आणि पंत बसले. शेणाचा जबाब दरबारीं अद्याप तटलेला आहे.