गोदाक्काच्या अंगणात आडवं चालायचं

धुळ्यात आमच्या शेजारच्या गोदाक्काच्या अंगणात सरळ चालत जायची कुणाची टाप नव्हती. पोरं असोत की पोस्टमन, झेंडूच्या ताटव्यातून खेकड्यासारखं आडवंच जायचं. सरळ गेलं की कपडे झाडांना घासतात आणि 'ती' उठते.

'ती' म्हणजे खेकडा कोळ्याची मादी. नखाएवढा जीव, पण त्याच्यापायी या बयेनं अख्खी गल्ली वेठीला धरली होती. पोरं जमवून दटावत शिकवायची, "पुढचे चार पाय लांब, मागचे आखूड. चालते आडवी. जाळं विणत नाही, फुलातच दबा धरते. पांढऱ्या फुलात पांढरी, पिवळ्यात हळूहळू पिवळी होते. स्वतःपेक्षा मोठी मधमाशी धरते. तुम्हाला काही करत नाही, तुम्हीच तिच्या मुळावर उठता, मेल्यांनो."

राग आला की ती अहिराणीवर यायची, आणि राग तिला सदाचाच.

एका दसऱ्याला माझंही डोकं फिरलं. बाजारात झेंडू संपलेला, माझं दार बोडकं, आणि हिच्याकडे ताटवा पिवळाधमक. मी कात्री आणि टोपली घेऊनच गेले.

"हात नको लाऊ. ती बठेल शे."

"सणासुदीला देवापेक्षा किडा मोठा का हो, अक्का?"

तिनं माझं मनगट धरलं आणि मला आडवं चालवत एका झाडापाशी नेलं. फुलाखालची पानं रेशमानं बांधलेली. वर ती बसलेली, पोट पार खपाटीला गेलेलं.

"आत अंडी आहेत. ही खात नाही, हलत नाही. पिल्लं धागा सोडून वाऱ्यावर निघून जातात. ही इथंच मरते."

"परत येत नाहीत?" मी उगाच विचारलं.

"सुरतहून कोन परत येस?" ती खेकसली.

तिचे दोन्ही मुलगे सुरतेला होते. दर दसऱ्याला येतो म्हणून कळवायचे, यायचे नाहीत.

मग माझीच कात्री घेऊन तिनं ते एक झाड सोडलं आणि बाकीची फुलं कापून, झटकून झटकून माझ्या टोपलीत भरली.

"आणि तुमच्या दाराला?"

"मना घर कोन येस?"

तिच्या त्या मुलग्यांचा मला असा संताप आला की तोरण ओवताना सुई दोनदा बोटात घुसली. शिव्या खायची हौस कुणाला, म्हणून सोनं द्यायला तिच्याकडे गल्लीतलं कुणीच जात नसे. गल्लीचाही राग आला. संध्याकाळी अर्धं तोरण आणि आपट्याची पानं घेतली, गल्लीतली सगळी पोरं गोळा केली आणि नव्या साडीत ताटव्यातून आडवी चालत निघाले. मागं पोरं, तीही आडवी.

गोदाक्का दारातच उभी होती.

"इतला उशीर?" ती ओरडली.

आत पाटावर परातभर रव्याचे लाडू वळून ठेवलेले होते, अख्ख्या गल्लीला पुरतील एवढे.