स्थिर पेशंटची व्याख्या

शरीर मुळातच चंचल असल्यामुळे त्याला व्याख्येत बसवल्याशिवाय रुग्णसेवा होऊ शकत नाही, हे आता सर्वमान्य झाले आहे. म्हणूनच नांदेडच्या एका खासगी रुग्णालयाने समिती नेमली. समिती लातूरला एका हॉटेलात बसली (नांदेडात पेशंट मध्ये मध्ये येतात) आणि जेवणानंतर एकमताने ठरले: ज्याची नाडी, श्वास, रक्तदाब आणि ऑक्सिजन बदलत नाही, तो पेशंट स्थिर. आकडे किती असावेत यावर मतभेद होते; ते सौहार्दाने वगळण्यात आले.

व्याख्येचा गुण लगेच आला. महिन्याभरात स्थिर पेशंटचे प्रमाण दुप्पट झाले. बरे होणारे तेवढे अस्थिर निघाले (त्यांचे आकडे रोज बदलत), पण असली माणसे कुठल्याही संस्थेत असायचीच.

पंचाईत झाली ती जनरल वॉर्डातल्या मनिषा सिस्टरची. उमरीकडच्या नागुबाई न्यूमोनियाने धापा टाकत होत्या. सकाळी जेवढ्या, तेवढ्याच दुपारी. साहजिकच त्या स्थिर ठरल्या आणि आयसीयूतून जनरल वॉर्डात आल्या. मुलगा सुदर्शन हरखला. त्यांना बघायला निघालेली गावची जीप त्याने फोन करून परत फिरवली.

"माय, दम पुरंना," नागुबाई मनिषाला म्हणाल्या. व्याख्येत पेशंटच्या म्हणण्याला जागा नव्हती.

मनिषा सुदर्शनला म्हणाली, "दादा, आईचं लक्षण ठीक न्हाई. आयसीयूत परत न्या म्हणा डॉक्टरला."

"डॉक्टर स्टेबल म्हणून राहिले, अन् तुम्ही घाबरवून राहिल्या व्हय?"

शेवटी तिनेच ऑक्सिजन वाढवला. श्वास जरा सुधारला. म्हणजे बदल झाला, म्हणजे नागुबाई अस्थिर झाल्या. नियमाप्रमाणे त्यांना तातडीने आयसीयूत हलवले आणि तिथे त्या आठवडाभरात बऱ्या झाल्या.

मनिषाला नोटीस मिळाली: स्थिर पेशंटला अस्थिर केल्याबद्दल. तक्रार सुदर्शननेच केली होती. "चांगली स्टेबल होती माझी माय," असे तो अजून सांगतो. माय शेजारी बसून भाकरी खात असते.

सुदर्शनला हसणे सोपे आहे. मागच्या खेपेला तुमचे माणूस आयसीयूत होते, फोनवर 'स्टेबल आहे' ऐकले आणि तुम्ही हुश्श करून जेवायला बसलात. 'म्हणजे काय?' असे विचारले होते का?