टेकरामभाऊंची गाण्याची तबकडी

टेकरामभाऊ कोरी सीडी गालाला लावून पाहतात. दुकानदाराने पाकीट फोडून दिलं की ते चष्मा कपाळावर चढवतात, सीडी अलगद डाव्या गालावर टेकवतात आणि डोळे मिटतात. मग "नाई. हिशेबाची आहे," म्हणून परत करतात. दुकानदार माझ्याकडे बघतो. मी छताकडे बघतो.

भंडारा जिल्ह्यातल्या आंधळगावात त्यांच्या घरी तीन पिढ्या कोसा रेशीम विणतात. कोशाचं सूत चांगलं की वाईट, हे ते गालाला लावून ठरवतात. सुताला जो न्याय तोच सीडीला, असं त्यांचं म्हणणं. सीडीला ते तबकडी म्हणतात आणि जगातल्या तबकड्यांच्या दोनच जाती मानतात, गाण्याची आणि हिशेबाची, म्हणजे कॉम्प्युटरची.

आता हे वेड वाटेल, पण त्यात तथ्य आहे. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी, म्हणजे नव्व्याण्णव साली, त्यांनी नागपुरातल्या एका बंद पडणाऱ्या स्टुडिओतून सीडी रेकॉर्ड करायचं मशीन आणलं. त्याला कॉम्प्युटर लागत नाही. माईक जोडा, गा, गाणं थेट सीडीवर. गोम एकच, या मशीनला फक्त गाण्यासाठी म्हणून बनवलेल्या कोऱ्या सीडीच चालतात. कॉम्प्युटरची सीडी दिली तर ते आत घेतं, थोडा वेळ घुरघुरतं आणि बाहेर काढून देतं. हळूहळू गाण्याच्या सीडी दुकानांतून दिसेनाशा झाल्या, मशीनही म्हातारं होऊन जास्तच खोडकर झालं. टेकरामभाऊंना त्याचाही अभिमान. "इमानदार मशीन आहे मास्तर, खोटी तबकडी घेत नाई," असं ते मला आठवड्यातून दोनदा ऐकवतात.

मी त्यांचा शेजारी आणि माझी सासुरवाडी नागपूरची, एवढ्या दोन अपराधांसाठी सीडी आणायचं काम माझ्याकडे आलं. एकदा मी वैतागून कॉम्प्युटरच्याच पन्नास सीडींचा डबा आणून दिला. त्यांनी सगळ्या पन्नास एकेक करून मशीनला दाखवल्या. मशीनने पन्नास वेळा नकार दिला. एखादी तरी भली निघेल अशी त्यांना आशा होती. शेवटी माझ्या बायकोने त्या पोपट पळवायला पेरूच्या झाडाला टांगल्या. पोपटांनी त्यात स्वतःला बघत पेरू खाल्ले.

या मशीनवर त्यांनी अर्धं गाव उतरवून घेतलं होतं. भजनवाले, दंडार या आमच्या लोकनाट्यातले गाणारे, धान रोवताना गाणाऱ्या बाया. पण एक अडचण होती. ज्याची सीडी तो हौसेने घरी न्यायचा आणि त्याच्या प्लेअरवर ती वाजायचीच नाही. तो ती परत आणायचा, मग टेकरामभाऊ म्हणायचे, "माया मशीनवरच वाजते ते. या रविवारी." त्यामुळे रविवारी दुपारी त्यांच्या मागाशेजारच्या खोलीत पंधरा-वीस माणसं दाटीवाटीने बसून आपलाच आवाज ऐकायची, आणि भाऊ सगळ्यांना चहा पाजायचे. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी सासरी. चहा ते स्वतःच करायचे आणि फार गोड करायचे.

गेल्या दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेआधी झिबलजी निरोप घ्यायला आले. झिबलजी म्हणजे आमच्याकडच्या दंडारीतला जुना आवाज आणि भाऊंचा लहानपणापासूनचा दोस्त. मुलगा त्यांना कायमचा पुण्याला नेणार होता. आपलं गाणं सोबत न्यावं एवढीच त्यांची इच्छा होती. मोबाईलवर घ्या, असं मी सुचवलं. दोघांनीही ते न ऐकल्यासारखं केलं. आणि घरात कोरी तबकडी एकही नव्हती.

दहा दिवस होते. मोटरसायकलवर मागे भाऊंना बसवून मी मोहाडी, तुमसर, भंडारा पालथं घातलं. भाऊंचा गाल थकला. शेवटी भंडाऱ्याजवळच्या शहापुरात, लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एकाच्या बंद दुकानात, धुळीच्या खोक्यात एक पाकीट निघालं. भाऊंनी सीडी गालाला लावली, बराच वेळ लावून ठेवली. "गाण्याची," ते हळूच म्हणाले. येताना ती कोशाच्या दुपट्ट्यात गुंडाळून त्यांनी छातीशी धरली होती.

मशीनने ती घेतली. झिबलजी तासभर गायले. नंतर ते अंगणात पाणी प्यायला गेले, तेव्हा माझ्या डोक्यात आलं की ही पुण्याला वाजणार कशी? मी मशीनचं इंग्रजी पुस्तक मागून घेतलं आणि मास्तरकीला जागून ते वाचून काढलं. शेवटच्या पानावर उत्तर होतं. रेकॉर्डिंग झाल्यावर एक बटण दाबायचं, की सीडी कायमची बंद होते, म्हणजे तिच्यावर पुढे काही भरता येत नाही, आणि मग ती कुठल्याही प्लेअरवर वाजते. बटण मी शोधलं. त्यावर काळी चिकटपट्टी होती. ते बिघडलेलं असेल असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

"भाऊ, हे बटण दाबायचं असतं," मी म्हणालो.

"मले मालूम आहे ना. पयल्या दिवसापासून."

"मग काहून नाही दाबलं?"

ते मशीनवरची नसलेली धूळ पुसत राहिले. "दाबलं असतं तं जो तो आपली तबकडी घरी घेऊन गेला असता, मास्तर. मंग रविवारी इथं कोण आलं असतं?"

मला त्यांचा राग यायला हवा होता. पन्नास सीडी, दहा दिवस, मोटरसायकल, सगळं घरी न वाजणाऱ्या तबकड्यांसाठी. पण आला नाही. मी पुस्तक मिटून ठेवलं.

त्यांनी नखाने चिकटपट्टी काढली आणि बटण दाबलं. दोन मिनिटांनी सीडी बाहेर आली. अंगणातून परत आलेल्या झिबलजींच्या हातात ती देत भाऊ म्हणाले, "घे गा झिबल. आता हे कुठंबी वाजन."

पुढच्या रविवारी खोली नेहमीसारखी भरली होती. बटणाचं भाऊंनी स्वतःच सगळ्यांना सांगून टाकलं, तरी सीडी न्यायला कोणी उठलं नाही. सगळे चहाची वाट बघत होते. तेवढ्यात पुण्याहून झिबलजींचा फोन आला. थेट गाणंच ऐकू आलं, त्यांनी फोन प्लेअरजवळ धरला असावा. भाऊंनी चष्मा कपाळावर चढवला, फोन डाव्या गालाला लावला आणि डोळे मिटले. गाणं संपेपर्यंत त्यांनी तो तसाच धरून ठेवला.

"गाण्याची आहे," ते म्हणाले आणि चहा ठेवायला आत गेले.