मापातला गाऊन

पार्सल आलं तेव्हा थोरली बाहेरच्या खोलीत शिलाई मशीनवर बसली होती, त्यामुळे ते नेमकं तिच्याच हातात पडलं. वर नाव धाकट्या जावेचं. थोरलीनं पाकीट दाबून बघितलं. कापड! तिच्या कपाळाला आठी पडली. शिवणारी बाई घरात, मशीन घरात, आणि कपडा येतोय बाहेरून?

"आला का गाऊन?" म्हणत धाकटी आतून आली. म्हणजे आधी तिचं पोट आलं आणि मग ती. दिवस भरत आले होते. तिनं तिथेच पाकीट फोडलं आणि सासूबाईंना हाक मारली. "आई, या ना, हात लावून बघा! दवाखान्यात घालायला मागवलाय."

गडद निळ्या रंगाचा ढगळ गाऊन होता. सासूबाईंनी तो गालाला लावला. "अगं बाई, काय मऊ आहे! अंगावर आहे की नाही तेसुद्धा कळायचं नाही."

थोरलीच्या हातातली कात्री थांबली. गेली कित्येक वर्षं ती सासूबाईंचे ब्लाउज शिवत होती. एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून निघालेली सगळ्यात मोठी तारीफ होती, "बसलंय."

"आणि हे बघा," धाकटी रंगात आली, "पाजायला इथून उघडतो, पण बाहेरून कळतच नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या ना, सुती घ्या, गडद घ्या, कमरेला कुठे आवळायला नको. ताई, कसा आहे?"

"छान आहे," थोरली म्हणाली. "रंग जाईल पहिल्या धुण्यात, पण छान आहे."

आता खरं सांगायचं तर तिच्या पोटात दुखायला लागलं होतं, आणि चांगलंच दुखायला लागलं होतं. अर्ध्या गल्लीच्या अंगावर हिच्या हातचे कपडे. तिचा कपडा म्हणजे मापात, कुठे चुणी नाही, कुठे झोळ नाही. लांबून बायका माप द्यायला येत, आणि सख्ख्या जावेला मात्र एका शब्दानं विचारावंसं वाटलं नाही! "ताई, मला एक गाऊन शिवून द्याल का?" एवढंच तर म्हणायचं होतं. हिनं सगळी कामं बाजूला टाकून शिवला असता. पण नाही. बाईसाहेबांना फोनवर चित्रं बघून मागवायचं होतं.

धाकटीनं तो गाऊन धुऊन, वाळवून, घडी घालून दवाखान्याच्या बॅगेत ठेवला. सोबत सैल नाडीचा पायजमा, मोजे, एक शाल आणि नवऱ्याचा जुना शर्ट. बॅग कपाटाशी उभी राहिली. थोरली येताजाता तिच्याकडे बघायची आणि नाक मुरडायची. गाऊनचा रंग गेला नव्हता, हे एक दुखणं आणखी वर होतंच.

मग एका दुपारी धाकटी नवऱ्याबरोबर तपासणीला गेली, सासूबाई आत लवंडल्या, आणि थोरलीला राहवेना. नुसतं बघायचं, तिनं स्वतःला बजावलं. बघितल्यानं काही झिजत नाही. तिनं गाऊन काढला, उलटा केला. छातीवरची ती चोरवाट कुठून शिवलीय तेच दिसेना. बोटं फिरवली, उजेडात धरला, चष्मा पुसला. नाहीच. हिला शिवण शिकवायला बसलेल्या त्या कुठल्या कंपनीचा तिला असा राग आला, की हात शिवशिवायला लागले.

एकच टाका उसवून बघू, नंतर घालता येतो. तिनं ब्लेड घेतलं. एका टाक्यानं काही कळलं नाही, म्हणून खांदा उसवला. खांद्यानं कळलं नाही, म्हणून बाही काढावी लागली. बाही काढल्यावर बाजू तशीच ठेवण्यात काय अर्थ होता? आणि मग एकदाचं तिला कळलं. "हात्तिच्या! आतून दुहेरी पट्टी दिलीय मेल्यांनी. एवढंच होय!" ती समाधानानं मागे टेकली. समोर टेबलावर गाऊनचे तुकडे पसरले होते.

तेवढ्यात फोन वाजला. धाकटा दीर धापा टाकत बोलत होता. "वहिनी, पाणी गेलं तिचं! तिथल्या तिथे दाखल करून घेतलंय. मी बॅग न्यायला येतोय, निघालोच!"

थोरलीच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं मशीनकडे झेप घेतली. घाईघाईनं दोरा ओवला आणि तुकडे जोडायला घेतले. दार वाजलं तेव्हा एक बाही लागायची होती.

"वहिनी, बॅग?"

"आणतेय, आणतेय!" मशीन धडधडत होतं.

"तुम्ही आत्ता शिवताय?" दीर दारातूनच ओरडला. "कोणाचं?"

"अर्जंट ऑर्डर आहे हो! गिऱ्हाईक खोळंबलंय!"

घोटाळा इथेच झाला. डोकं जाग्यावर नसलं की थोरलीचे हात आपल्या सवयीनं चालतात, आणि त्या हातांना सैल हा प्रकार ठाऊकच नाही. त्यांनी खांदे आत घेतले, बाजू आत घेतल्या, कमरेला बाक दिला. माप कोणाचं, तर धाकटीच्याच लग्नातल्या ब्लाउजचं, जे थोरलीला तोंडपाठ होतं. शेवटचा दोरा तोडून तिनं गाऊनची घडी घातली, बॅगेत खुपसली आणि बॅग दिराच्या हातात दिली. मगच तिचा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली आणि सासूबाई गरम जेवणाचा डबा घेऊन पोचल्या, तेव्हा धाकटी पाठीवर बांधायच्या दवाखान्याच्या झग्याला वैतागून गेली होती.

"नाड्या रुततात मेल्या. माझा गाऊन काढा बाई आता," ती म्हणाली.

सिस्टरनं पडदा ओढला. थोरली बाहेर स्टुलावर बसून पाळण्यातल्या बाळाकडे बघत होती. पडद्याआडून आवाज यायला लागले.

"हात वर करा. आणखी वर."

"वर जातच नाहीये."

"मग खाली घ्या."

"खालीही येत नाहीये! सिस्टर, मला दिसत नाहीये!"

"थांबा, ओढू नका. डोकं कुठाय तुमचं?"

"मला काय माहीत! तुम्ही बाहेर आहात ना, तुम्ही शोधा!"

थोरली ताडकन उठली. ती पडद्याआड शिरली. धाकटीचा चेहरा गाऊनमध्ये अडकला होता, दोन्ही हात वर, आणि सिस्टर हताश होऊन कमरेवर हात ठेवून उभी. थोरलीनं पर्समधली छोटी कात्री काढली, बाजूची शिवण अचूक पकडली आणि सरसर वरपर्यंत उसवली. धाकटी लालबुंद होऊन बाहेर आली. शेवटी तिला नवऱ्याचा जुना शर्ट चढवला, तेव्हा कुठे ती पलंगावर टेकली.

"फसवलं!" ती कडाडली. "घरी घालून बघितला होता तेव्हा केवढा सैल होता. एका धुण्यात आटला!"

"मी तर म्हणतच होते," सासूबाईंनी बाजू बदलली. "बाहेरचं ते बाहेरचं. हिच्याकडून शिवून घेतला असता तर ही वेळ आली असती का?"

काय सांगू, थोरलीच्या कानांवर कोणी मध ओतल्यासारखं झालं. तिनं खरं सांगायला तोंड उघडलं होतं, ते तिनं मिटून घेतलं.

"थांब, मी लिहितोच त्यांना," रात्रभर तिथेच थांबलेल्या धाकट्या दिरानं फोन काढला. "'तुमच्या गाऊनमुळे माझी बायको गुदमरली.' बरोबर ना, वहिनी?"

"लिहा," थोरली मान खाली घालून म्हणाली. "कापड वाईट, असंही लिहा."

मनातून मात्र तिला गुदगुल्या होत होत्या. कंपनीची खोड मोडली, सासूबाई आपल्या बाजूला आल्या, आणि कुणाला पत्ता नाही. सगळं तिथेच मिटलं असतं. पण सिस्टर तो गाऊन उलटासुलटा करून बघत होती.

"माप चुकलंय खरं," सिस्टर म्हणाली, "पण शिलाई बघा हो काय आहे! मी पण शिवण शिकलेय, म्हणून सांगते. बाहीचा गोल बघा, एक चुणी नाही. आत एक धागा सुटलेला नाही. असा हात आता बघायला मिळत नाही."

"दाखवा," शेजारच्या पलंगावरची बाई उठून बसली. "खरंच की! कुठली हो कंपनी?"

धाकटीनं कंपनीचं नाव सांगितलं. वर म्हणाली, "शिलाई छान आहे त्यांची, ते नाकारत नाही मी."

"मग तेवढं तरी चांगलं लिहितो," दीर म्हणाला. "'शिलाई अप्रतिम.'"

थोरली स्टुलावर चुळबुळली. शिव्या कंपनीनं खुशाल खाव्यात, त्यासाठीच ती होती. पण हे? हिच्या बाहीच्या गोलाची वाहवा त्या फोनवरच्या लोकांनी घ्यायची? तिनं ओठ दाबले, पदराचं टोक पिळलं. सिस्टरनं गळ्याची पट्टी दाखवायला घेतली आणि म्हणाली, "मशीनच भारी असणार त्यांच्याकडे."

"कसलं मशीन नि कसलं काय!" थोरली उसळून उभी राहिली. "ही शिलाई माझी आहे! माझ्या हातची! कंपनीची शिलाई मी कालच उसवून टाकली!"

सिस्टरनं गाऊन खाली ठेवला.

"म्हणजे?" सासूबाईंनी विचारलं.

मग थोरलीला सगळं सांगावं लागलं. ब्लेड, खांदा, बाही, दुहेरी पट्टी. सांगताना तिला रडू फुटलं आणि रागही आला. "मग काय करू? जळले मी! जाऊ शिवणकाम करते, आणि हिनं गाऊन बाहेरून मागवला! एकदा विचारलं असतंस तर काय बिघडलं असतं गं?"

"अर्जंट ऑर्डर," दीर कपाळावर हात मारत पुटपुटला.

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. "ताई, विचारायलाच आले होते मी. तेव्हा तुम्ही एका बाईला सांगत होतात, 'पोटुशीचं काम मी घेत नाही, माप रोज बदलतं, डोक्याला ताप नुसता.' मी दारातूनच परत गेले. वाटलं, आपला कशाला ताप?"

थोरलीला ते आठवलं. गिऱ्हाईक घासाघीस करत होतं, म्हणून काहीतरी ठोकून दिलं होतं तिनं. "अगं, ते परक्यांना," ती कशीबशी म्हणाली. "तू परकी आहेस का?"

"मग शिवून द्या आता. पण सैल हवा हं."

"देते ना. किती सैल?"

"तुम्हाला बघवणार नाही इतका."

थोरलीनं डोळे पुसले आणि पर्समधून टेप काढली. माप घेताना तिनं टेप आवळली, मग मन घट्ट करून ढिली सोडली, आणि धाकटीनं मान हलवल्यावर आणखी ढिली सोडली. धाकटी हसायला लागली, आणि टाके दुखले म्हणून तिच्यावरच ओरडली. बाळ जागं झालं. सिस्टरनं ते उचलून थोरलीच्या हातात दिलं. थोरली विरघळलीच. केवढंसं तोंड, केवढ्याशा मुठी! मग तिची नजर खाली गेली. पांढरं मऊसूत झबलं होतं, आणि खांद्यावर शिवण कुठे दिसतच नव्हती.

"हे कोणी आणलं गं?" तिनं अगदी सहज विचारलं.

"माझ्या आईनं. दुकानातलं आहे."

"असं होय," म्हणत थोरलीनं दोन बोटांनी झबल्याची कड हळूच उलटली.

"ताई," धाकटी पलंगावरून म्हणाली, "ते उसवायचं नाही हं. आत बाळ आहे."