आतला पंखा

आक्कांच्या घरात झुरळसुद्धा चपला काढून चालतं, असं आक्का स्वतःच सांगत. दुसरं कुणी सांगायच्या आत सांगत, एवढंच!

त्यामुळे धाकट्या सुनेने जेव्हा बिचकत बिचकत विचारलं, "आई, मंगळवारी चार वाजता तासभर घरात अगदी शांतता राहील का हो?" तेव्हा आक्कांना हसूच आलं.

"शांतता? अगं, शांतता म्हणजे काय ते लोकांनी माझ्याकडे येऊन शिकावं! तू फक्त वाच. बाकीचं माझ्यावर सोड."

धाकटीने सोडलं. तिथेच चुकलं बिचारीचं.

धाकटीचा आवाज म्हणजे काय सांगावं! दवाखान्याच्या खिडकीत बसून ती नंबर पुकारायची. "टोकन क्रमांक बावीस, कृपया आत यावे. कृपया शांतता राखा." नुसतं ऐकून अर्ध्या लोकांचं दुखणं पळायचं. मग दवाखान्याने नंबर पुकारायचं यंत्र आणलं आणि धाकटी आली घरी. अकरा महिने झाले त्याला. ती कधी कुरकुरली नाही, पण भाजी चिरताना मधूनच "टोकन क्रमांक तेवीस" पुटपुटायची, ते आक्कांच्या काळजाला लागायचं. आता एका कंपनीला पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणारी माणसं हवी होती. घरी बसून काम. आधी परीक्षा, लॅपटॉपसमोर बसून वीस मिनिटं वाचायचं आणि पलीकडून रेकॉर्डिंगवाला ऐकणार. जमलं तर काम, नाही तर पुन्हा भाजी आणि टोकन.

लॅपटॉप मुलाने नवाकोरा आणला होता. इतका पातळ, की पहिल्या दिवशी आक्कांना वाटलं हे नुसतं झाकण आलंय, डबा मागाहून येईल!

मंगळवारी दुपारी तीनलाच आक्का कामाला लागल्या. फ्रिज बंद केला. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढला. दारावरच्या घंटीत कापूस कोंबला. मोरीतला नळ टपटपतो, म्हणून त्याखाली फडकं अंथरलं. मग वरच्या मजल्यावर गेल्या. तिथे एक सुतार कपाटं बनवत होता.

"चार ते पाच करवत झोपवायची."

"आक्का, मला उद्या माल द्यायचाय!"

"मग उद्या कर. आज कान आणि करवत दोन्ही बंद!"

सुताराने करवत झोपवली. आक्कांपुढे भलेभले आडवे होतात, करवतीचं काय!

खाली येऊन त्यांनी धाकटीच्या खोलीच्या खिडक्या लावल्या, पडदे ओढले, छताचा पंखा बंद केला, दारावर दोन चादरी टांगल्या. टेबल जरा खडखडतं, म्हणून जाड रजईची चौपदरी घडी घालून लॅपटॉप तिच्यावर ठेवला. कसा ऐटीत बसला!

"आई, एखादी खिडकी तरी राहू द्या. गुदमरेल."

"कोण?"

"लॅपटॉप."

"त्याला काय नाक आहे? बस तू!"

आणि स्वतः कोपऱ्यात स्टूल टाकून बसल्या. पहारा नको?

चार वाजले. रेकॉर्डिंगवाला पलीकडून म्हणाला, "करा सुरू, मॅडम." धाकटीने श्वास घेतला आणि तो मधाळ आवाज लागला:

"तळ्याकाठी सगळं निजलं होतं. पानही हलत नव्हतं. अशी शांतता, की…"

घूंऽऽऽ!

आक्कांनी डोळे वटारले. कुणाकडे वटारावेत ते कळेना, म्हणून सगळीकडे वटारले.

"…की आपलाच श्वास आपल्याला ऐकू यावा…"

घूंऽऽऽऽऽ!

"शांत!" आक्का गरजल्या. हळूच गरजल्या, पण गरजल्या.

"मॅडम," रेकॉर्डिंगवाला म्हणाला, "शेजारी गिरणी आहे का?"

"ना… नाही."

"बरं. आम्ही ऐकतोय. तुम्ही वाचा."

आक्कांना पहिला संशय माशीचा. पडद्याआड कुठेतरी भुंगा नाहीतर गोमाशी असणार! त्यांनी चप्पल उचलली, कान टवकारले आणि पडद्यावर हाणली. फटाक! पडद्याची दांडी खाली आली. आवाज होता तसाच.

"शांत!" आक्का दांडीला म्हणाल्या.

दुसरा संशय सुताराचा. आक्का धडधड जिना चढून वर गेल्या. सुतार हाताची घडी घालून, तोंड मिटून, शाळेत पहिल्या बाकावर बसावं तसा बसला होता.

"काय चाललंय तुझं?"

"काही नाही हो! खोकलासुद्धा दाबून धरलाय!"

"मग घूं घूं कुठून येतंय?"

सुताराने जमिनीला कान लावला. "खालून येतंय, आक्का. तुमच्याकडून."

"माझ्याकडून? जीभ सांभाळ!"

पण मनात गोंधळ उडाला तो उडालाच. आपल्याकडून? आपण तर सगळं बंद केलं! खाली आल्या तर आवाज आणखी चढलेला. धाकटीच्या कपाळावरून घामाचे ओघळ चाललेले, तरी ती वाचत होती. आक्का दिसताच तिने पटकन एक बटण दाबून आपला आवाज तिकडे बंद केला आणि कुजबुजली:

"आई, आतला पंखा वाजतोय! आतला!"

असं होय! आक्कांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आतला पंखा! म्हणजे आतल्या खोलीतला! तिथे आक्कांचे यजमान, म्हणजे तात्या, पंख्याखाली आडवे झाले होते. आक्का आत गेल्या, खट्कन बटण दाबलं, आणि पदक जिंकल्यासारख्या परत आल्या.

घूंऽऽऽऽऽऽ!

"अगं, केला बंद आतला!" आक्का म्हणाल्या.

धाकटीने जोरजोरात मान हलवली आणि पुन्हा खूण केली. "आतला, आतला!" बोट कुठे दाखवत होती कोण जाणे! आक्कांना वाटलं, त्याच्याही आतला. म्हणून जाऊन न्हाणीघराचा छोटा पंखाही बंद करून आल्या. आता यापेक्षा आत गेलं तर शेजाऱ्यांचं घर लागतं!

तेवढ्यात तात्या बनियन झटकत बाहेर आले.

"कुणी हात घातला पंख्याला? उकडून मरायचं का माणसाने?"

"श्शू! शांत!"

"शांत काय शांत! आणि हे विमान कुठलं घरात?"

"विमान नाही, आतला पंखा आहे."

"आतला तर तूच बंद केलास!"

"तेच तर! बंद केला तरी वाजतोय!"

दोघंही माना तिरक्या करून ऐकत उभे राहिले. तात्यांना तो फ्रिज वाटला. आक्कांनी फ्रिजला कान लावला, फ्रिज गप्प. तात्यांना तो आक्कांच्या पोटातला वायू वाटला. त्यावर आक्का जे बोलल्या ते इथे लिहायचं नाही.

शेवटी कान फिरता फिरता टेबलाशी येऊन थांबला. आक्कांनी लॅपटॉपला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला.

"अगं बाई! हा मेला बोंबलतोय? एवढासा? ह्याच्या पोटात पंखा मावतोच कसा?"

धाकटी वाचता वाचता जिवाच्या आकांताने मान डोलवू लागली. हो, हो, हाच! तिला म्हणायचं होतं की खिडकी उघडा. पण समोरचं पान संपायचं होतं आणि आक्कांना धीर कुठला! रडणाऱ्या पोराला कसं गप्प करायचं हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांनी आपली लोकरीची शाल आणली आणि लॅपटॉपला मागून, दोन्ही बाजूंनी, अगदी काळजीने गुंडाळली.

आता तो घूं करीना. आता तो किंचाळू लागला!

"शांत! शांत म्हणते ना!" आक्का त्याच्यावर ओणवून ओरडल्या. "घरातली माणसं ऐकतात माझं आणि तू कोण टिकोजीराव!"

"मॅडम?" रेकॉर्डिंगवाल्याचा आवाज आला. "मॅडम, तुम्ही सुरक्षित आहात ना?"

हे ऐकलं मात्र, आक्कांचा तोल गेला. आपल्या सुनेच्या कामाचं वाटोळं हा झाकणाएवढा डबा करतो म्हणजे काय! मुळावरच घाव घालायचा! तरातरा गेल्या आणि घराचा मेन स्विच खाली ओढला.

खट्!

सगळं घर थंड झालं. इंटरनेटच्या डबीचे दिवे विझले. लॅपटॉपवर दिसणारा रेकॉर्डिंगवाला तोंड उघडं ठेवून थिजला आणि मग नाहीसा झाला. सगळीकडे चिडीचूप शांतता. आणि त्या शांततेत, एकटा, निवांत, मजेत…

घूंऽऽऽऽऽऽऽ!

"वीज गेली!" आक्का पुटपुटल्या. "वीज गेली तरी फिरतोय! हा फिरतो कुणाच्या जिवावर?"

"पोटात बॅटरी असते त्याच्या," तात्या म्हणाले.

धाकटी उठली. तिने शाल काढली. रजई काढली. खिडकी उघडली. स्वयंपाकघरातून दोन वाट्या आणून पालथ्या घातल्या आणि लॅपटॉप त्यांच्यावर ठेवला. वारं खालून खेळू लागलं. दोन मिनिटं घूं, मग नुसतं फूं, मग फुस्स. मग काहीच नाही. खरी शांतता!

"पातळ आहे ना, आई," धाकटी डोळे पुसत म्हणाली. "आत जागा नाही. हवा मिळाली नाही की तापतो, आणि तापला की आतला पंखा जोरात फिरतो."

आक्कांनी वाकून लॅपटॉपखालच्या वाट्या न्याहाळल्या.

"म्हणजे मी जेवढं शांत करत होते…"

"तेवढा तो ओरडत होता."

"अगदी माझ्यासारखं," तात्या म्हणाले. कुणी लक्ष दिलं नाही.

मेन स्विच वर गेला आणि पाठोपाठ फोन वाजला. रेकॉर्डिंगवाला! तात्यांनीच फोन उचलून मोठ्या आवाजावर लावला.

"मॅडम, वाचन सुंदर होतं. पंख्याच्या आवाजाचं मनाला लावून घेऊ नका. पातळ लॅपटॉपचं हे रोजचंच आहे. तो आवाज आम्ही मशीनवर पुसून टाकतो."

"मग… काम?"

"अडचण दुसरीच आहे. मागे एक बाई आहेत. दर दोन ओळींनी 'शांत!' म्हणतात. सतरा वेळा मोजलं मी. पंखा पुसता येतो हो, त्या बाई पुसता येत नाहीत."

"मी त्रेचाळीस वर्षं प्रयत्न करतोय," तात्या फोनमध्ये म्हणाले. "काही सापडलं तर मलाही कळवा."

गुरुवारी चार वाजता पुन्हा परीक्षा ठरली. तीच खोली, तोच लॅपटॉप. अट एकच: त्या बाई घरात नकोत.

आक्कांनी अट मान्य केली. मान्य कसली, तीन दिवसांचं जेवण एका वेळेला गिळावं तशी गिळली! गुरुवारी त्यांनी स्वतःच्या हाताने दोन्ही खिडक्या सताड उघडल्या, पडदे काढून टाकले, वाट्या पालथ्या घातल्या. "घे बाबा, हवा खा," लॅपटॉपला म्हणाल्या आणि खाली जाऊन इमारतीसमोरच्या बाकावर बसल्या. तोंडावर हात. डोळे वर खिडकीकडे. एक शब्द नाही!

वीस मिनिटं झाली. पंचवीस झाली. आक्कांचं हे मौन पाहून रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा दोनदा वास घेऊन गेलं. मग पोस्टमन आला, थबकला.

"आक्का, बरं नाही का? गप्पशा?"

झालं! पंचवीस मिनिटांचं साठलेलं एकदम सुटलं.

"हळू बोला! अक्कल आहे का? वर माझ्या सुनेचं रेकॉर्डिंग चाललंय! अख्ख्या गावात असा आवाज नाही कुणाचा! शांत!"

आणि बोलता बोलता त्यांची नजर वर गेली. खिडकी. सताड उघडी. त्यांनीच उघडलेली.

आक्कांनी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. वर खिडकीत धाकटीचं डोकं दिसलं. चेहरा काही कळेना. मग तो दवाखान्यातला मधाळ आवाज संथपणे खाली उतरला:

"बाकावर बसलेल्या बाईंनी कृपया लक्ष द्यावे. परीक्षा पाच मिनिटांपूर्वी संपली आहे. आपल्या सुनेला काम मिळाले आहे. बाईंनी कृपया शांतता राखावी."

आक्कांनी डोळ्यांच्या कडा बोटाने टिपल्या, मान ताठ केली आणि पोस्टमनकडे वळल्या.

"ऐकलंत ना? गप्प राहा म्हणतेय तुम्हाला!"