मालकालाही न जुमानणारी

सून घरी बसून नोकरी करते याचं मालनबाईंना काही नव्हतं. पण दार लोटून घेऊन करते, याचा मात्र राग होता. दार लोटायला घरात काय वाघ सुटलाय? अंबडच्या या घरात त्यांच्या कानावर आल्याशिवाय मांजरसुद्धा व्यालं नव्हतं!

म्हणून त्या दिवशी त्या दाराशीच लसूण सोलायला बसल्या. मुद्दाम नव्हे हो! तिथे वारा चांगला येतो.

आत सायली कुणाला तरी सांगत होती, "तिचे सगळे गुण लिहून काढलेत, सर. पहिला म्हणजे ती बदलत नाही. जागची हलत नाही. मालकालाही जुमानत नाही!"

लसणाची पाकळी टुणकन उडाली. मालनबाई नवऱ्याला मालकच म्हणत! आणि ते मालक, खंडेराव, समोरच पेपरात तोंड घालून बसलेले.

"दुसरा गुण, नुसती भर घालू देते. मागचं एक अक्षर खोडू देत नाही."

"आणि ते दोनदाचं काय?" आतून पुरुषाचा आवाज.

"एकच गोष्ट दोनदा, सर! आधी बाजूला, मग जागेवर. म्हणून वेळ खाते. पण मधेच बंद पडली तरी काही विसरत नाही."

बंद पडायला मी काय चौकातली रिक्षा हाय? मालनबाई धुमसल्या.

"मग काढून टाकायची कशी?"

"आधी तिचा तो गुण उतरवायचा, मग सरळ काढायची. तो अधिकार माझ्याकडे आहे, सर!"

मालनबाईंचा हात झटकन कमरेच्या किल्ल्यांवर गेला. खाष्ट सासूशी भांडून मिळवलेला जुडगा तो! आज अधिकार, उद्या किल्ल्या, परवा आपली रवानगी गच्चीवर!

त्यांनी खंडेरावांची बाही धरली आणि दार ढकललं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर खुराड्यातल्या कोंबड्यांसारखी चौकटीचौकटीत तोंडं!

"काय गं सायले! मी मालकाला जुमानत नाय? हे बघा, मालकच आणलाय! बोला ओ, मी तुमचं ऐकते का नाय?"

खंडेराव चष्मा पुसू लागले.

"ऐकते म्हणा!"

"ऐकते."

"बघा! हाय का नाय?"

सगळं खुराडं खदखदून हसलं. सायलीनं कपाळावर हात मारला. "आई, फाइल! कॉम्प्युटरमधली फाइल! कारखान्यातल्या लोकांसाठी तिला लावता येणाऱ्या गुणांची माहिती मराठीत लिहितेय मी. आज साहेब पास करणार होते हो!"

"आन् मालक?"

"ज्याची फाइल तो मालक! तो पहिला गुण लावला की त्यालाही ती पुसता येत नाही."

पडद्यावरचे रविराजसाहेब डोळे पुसत म्हणाले, "सायली, पास! साध्या माणसाला कळेल का, हीच धास्ती होती. काकूंना तर दाराबाहेरून कळलं!"

  मालनबाई केसांतली लसणाची सालं झटकत, किल्ल्या पदराआड घट्ट खोचत सुनेला म्हणाल्या, "सायले, तुझी ती फाइल लय गुणाची हाय. असली मी या घरात एकच पाहिली. एकच, सांगून ठेवते!"